रिकाम्या टाकीची नोंदवही

रविवार, २१ सप्टेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात मी माशांची टाकी दोन फुटी आहे असं लिहिलं होतं. ते चूक आहे. टाकी चार फुटी आहे. दोन फुटी मी ठरवली होती. ते पत्र लिहिलं तेव्हा टाकी घरी आलेलीच नव्हती, आणि ठरवलेली गोष्ट मी झालेली म्हणून लिहून मोकळी झाले. न मोजलेलं लिहायचं नाही, हा बाबांनी शिकवलेला पहिला धडा. अकराव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे बाबा आणि जेवायचं टेबल, हे तुला माहीतच आहे. त्या शाळेत या चुकीला उभं राहायची शिक्षा होती.

झालं ते असं. मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानापासून चार दुकानं सोडून माशांचं दुकान आहे. तिथल्या काकूंकडे मी तीन आठवडे रोज जाऊन उभी राहत होते. त्या मला गिऱ्हाईक म्हणायचं सोडून तपासनीस म्हणायला लागल्या. शेवटी मी दोन फुटी टाकी पक्की केली. काकू म्हणाल्या, पहिलीच टाकी असेल तर मोठी घ्या. लहान टाकीत एक चूक झाली की मासे गेलेच, मोठ्या टाकीतलं पाणी जरा सांभाळून घेतं. मी हे घरी जेवताना सांगितलं, जसं सगळंच सांगते. दुसऱ्या दिवशी बाबांनी काकूंना फोन करून टाकी बदलून घेतली. मला म्हणाले, "तूच म्हणालीस ना, मोठी बरी? मी आपलं तुझंच ऐकलं."

आई गेल्यापासून तीन वर्षं बाबा जिना उतरलेले नाहीत, पण फोनवरून अख्खा बाजार वर आणू शकतात.

मोजून लिहिते. लांबी एकशेवीस सेंटिमीटर, रुंदी आणि उंची पंचेचाळीस. पाणी साधारण दोनशे चाळीस लिटर. आठवड्याला त्यातलं पाव बदलायचं, म्हणजे सहा बादल्या. पाठीमुळे बाबांना भरली बादली उचलायची मनाई आहे. म्हणजे दर रविवारी मी.

टाकी भरली आहे, गाळणीयंत्र चालू आहे, मासे नाहीत. पाणी मुरायला, म्हणजे माशांना जगण्याजोगं व्हायला, महिना-दीड महिना लागेल असं काकू म्हणतात. तोवर बाबा रोज सकाळी रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकतात, काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासतात आणि वहीत आकडा लिहितात. मासे कोणते आणावेत? बाबांना गोल्डफिश हवेत. ते म्हणतात, मासा टाकीएवढाच वाढतो, त्यामुळे काळजी नाही. हे खरं आहे का?

घरी आलेलं पत्र जेवल्यावर मोठ्याने वाचायची आपली रीत आजोबांपासूनची आहे. तरी यापुढे मला चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर लिही. लपवण्यासारखं काही नाही. (हे वाक्य पूर्ण खरं नाही.)

प्रयोगशाळेतल्या जागेबद्दल तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात देते.

तुझी
ठकू


शनिवार, २७ सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या पत्राची वाट बघायला मला वेळ आहे, प्रयोगशाळेला नाही. पाण्याचे नमुने तपासायच्या ज्या टेबलापाशी मी पस्तीस वर्षं बसले, तिथे त्यांना एक डिसेंबरला, सोमवारी, नवी मुलगी रुजू करून घ्यायची आहे. मी फक्त तुझं नाव सांगितलं. परीक्षा तू दिलीस, पहिली तू आलीस. ती जागा एक तारखेच्या पुढे एक दिवसही थांबणार नाही. तिथले साहेब मला भेटले की विचारतात, भाची येते आहे ना. आणि भाची मला टाकीची लांबी-रुंदी कळवते.

मला टाकीचा अर्थ कळतो, ठकू. कुत्रं पाळणारा माणूस निदान कुत्र्याला घेऊन बाहेर पडतो. चार फुटी टाकी घेणारा कुठे जात नाही. यायचं नसेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. रागावेन, पण दोन दिवस.

आता मासे. गोल्डफिश नको. तो वीतभर वाढतो आणि घाण करतो. मासा टाकीएवढाच वाढतो, हे तर अगदी खोटं. लहान जागेत ठेवला की त्याची वाढ खुंटते आणि तो लवकर मरतो. बघणाऱ्याला वाटतं, किती बेतात राहिला. तुझ्या बापाला हे सांग. फोनवर मी सांगितलं असतं, पण फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि ते निम्मं तोच बोलतो.

तुझी आत्या


गुरुवार, २ ऑक्टोबर

प्रिय आत्या,
सप्रेम नमस्कार.

तू उलटं समजलीस. चूक माझी आहे, मी उत्तर पुढे ढकललं. टाकी मी राहायचं ठरवलं म्हणून घेतलेली नाही. जायचं ठरवलं म्हणून घेतली आहे.

मी गेल्यावर बाबांनी सकाळी उठून काय करायचं, हे मला काही केल्या सुचत नव्हतं. स्वयंपाक त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. सामान वरती येतं. शेजारच्या आजी दोन वेळा डोकावतात. अडचण कशाचीच नाही, आणि तरी मी दुकानातून दहा मिनिटं उशिरा आले की ते खिडकीत उभे असतात. रागवत कधी नाहीत. घड्याळाकडे बघून म्हणतात, आलीस का, मी आपला चहा पुन्हा गरम करतो. आत्या, तो तीनदा गरम केलेला चहा मी रोज पिते.

म्हणून मला वाटलं, त्यांना मोजायला, लिहायला, खाऊ घालायला काहीतरी हवं. दोन फुटी टाकी, सात-आठ चिवट मासे, एकट्याला झेपेल एवढं पाणी. मी त्यांना हे स्पष्ट सांगितलं होतं: मासे टाकीत रुळले की मी निघेन. ते म्हणाले, "ठीक आहे. मी कुठे अडवलंय? दार उघडंच आहे." मग टाकी चार फुटी झाली.

आणखी एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. टाकी बाहेरच्या खोलीत, खिडकी आणि भिंतीतलं कपाट यांच्या मध्ये ठेवली आहे. तिच्या घडवंचीचा कोपरा कपाटाच्या दारापुढे येतो. दार आता चार बोटं उघडतं. त्या कपाटात माझी बॅग आहे.

बाबांचं लक्ष गेलं नसेल असं मी आठवडाभर स्वतःला सांगितलं. पण टाकी येण्याआधी त्यांनी खोलीचा नकाशा काढला होता, जन्मभर कचेरीत काढले तसाच, शाईने. तो अजून भिंतीवर आहे. नकाशात दार दाखवताना ते कुठवर उघडतं याची कमान काढायची असते, हे त्यांनी मला सहाव्या वर्षी शिकवलं. नकाशात मुख्य दाराची कमान आहे, न्हाणीघराची आहे, स्वयंपाकघराची आहे. कपाटाची नाही.

मी विचारलं नाही. विचारलं तर ते "अरेच्चा" म्हणतील आणि मला ते खरं मानावं लागेल. आता टाकी हलवायची तर सगळं पाणी काढावं लागेल आणि महिन्याची मुरवण पहिल्यापासून. मला कुणी कोंडलेलं नाही. तरी हात दगडाखाली आहे असं वाटतं, आणि दगड मीच पसंत करून आणला.

तुझी
ठकू


गुरुवार, ९ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस रागावणार होते, ते रद्द. उलट मीच कान धरते.

बादल्यांचं आधी. दर रविवारी तू, असं तू लिहिलंस ते चूक. माळ्याकडे मिळते तशी लांब नळी आण. एक टोक टाकीत, दुसरं न्हाणीघरात खाली. एकदा ओढ लागली की पाणी आपलं आपण जातं. नवं पाणी नळाला तीच नळी लावून हळूहळू भरायचं, नळाच्या पाण्यासाठी काकूंकडे औषध मिळतं त्याचे थेंब आधी टाकून. बादली कुणीच उचलायची नाही, तुझ्या बापाच्या पाठीनेही नाही. त्याला हे सुचलं नसेल असं मी मानत नाही. आमचं शेंडेफळ लहानपणी खाटेवरून न उठता पाणी पीत असे, नळीने.

मासे: झेब्रा घे, आठ. करंगळीएवढे असतात, अंगावर वहीसारख्या निळ्या रेघा, कळपाने पळतात, चुका पोटात घालतात. कळपातला मासा एकटा ठेवायचा नाही एवढं लक्षात ठेव. ते रुळले की मग बाकीचं.

बॅग राहू दे कपाटात. मी आले तेव्हा माझ्याकडे काय होतं? पिशव्या घेऊन ये.

तुझी आत्या


रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम नमस्कार.

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, हेच लिहायचं होतं.

नळी आणली. छान चालते. बाबांनी पहिल्याच दिवशी ती हातात घेऊन "हं, ही कुणाची अक्कल, कळलं" एवढंच म्हटलं. तेव्हा तुझं पत्र वाचलं नाही तरी त्यांच्यापर्यंत पोचतं.

पाणी मात्र मुरत नाही. माशांच्या खाद्यातून आणि घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. गाळणीत जंतू वाढले की ते तो खातात, आणि आकडा शून्यावर आला की मासे आणायचे. हे मी तुला सांगते आहे, म्हणजे सूर्याला पणती दाखवणं. सहा आठवडे झाले. मी नऊच्या आत निघते, त्यामुळे तपासणी बाबा करतात: काचेच्या नळीत पाणी, तपासणीच्या औषधाचे आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं, मग रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा म्हणजे शून्य, हिरवा जितका गडद तितकं वाईट. संध्याकाळी आल्यावर मी वही बघते. वहीतून उतरवते:

पहिला आठवडा पाव, पाव, अर्धा, अर्धा, एक, एक, दोन. पुढे दोन, चार, चार, दोन, चार, दोन, दोन. मग खाली येत गेला, मधेच एकदा वर. अठरा ऑक्टोबरपासून आजपर्यंत रोज एक.

काकू म्हणतात, थोडा धीर धरा, काही टाक्या उशिरा येतात. बाबा म्हणतात, "निसर्गाला तारीख कळत नाही, ठकूताई." ते रोज सकाळी टाकीपुढे खुर्ची घेऊन बसतात आणि रिकाम्या पाण्याला खाऊ घालतात. मला वाटलं होतं त्यांना टाकी आवडेल. आवडली आहे. रिकामी आवडली आहे.

कालपासून प्रयोगशाळेचं पत्र माझ्या पर्समध्ये आहे, येण्याची खात्री कळवा म्हणून. मी उत्तर दिलेलं नाही. अमोनिया एक असताना मासे आणले तर ते मरतील, आणि मासे रुळल्याशिवाय निघणार नाही असं मी बोलून बसले आहे. आकड्यांत मला काही वावगं दिसत नाही. तुला दिसतं का?

तुझी
ठकू


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मी पस्तीस वर्षं पाणी तपासलं. विहिरीचं, नळाचं, नदीचं, एकदा तर एका मंत्र्याच्या पोहण्याच्या तलावाचं. सलग सोळा दिवस एकच आकडा मला कुठल्याही पाण्याने दिला नाही. पाणी जिवंत असतं. हे पाणी आहे की पाण्याचा फोटो?

आमचे वडील आम्हा दोघांना शिकवायचे, आणि तुझ्या बापाने तुलाही शिकवलं असणार: तीनदा मोजावं, आणि तिन्ही वेळा तंतोतंत एकच आलं तर मोजणारा झोपलेला आहे.

मी जास्त लिहीत नाही. एक दिवस सकाळी दहा मिनिटं उशिरा जा आणि स्वतः तपास. आणि तपासणीच्या औषधाच्या बाटलीत किती उरलंय ते बघ.

तुझी आत्या


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम नमस्कार.

आधी दुरुस्ती. आकड्यांत वावगं दिसत नाही असं मी लिहिलं होतं. दिसलं होतं. सलग पाचव्या 'एक'ला दिसलं होतं. मी तपासलं नाही, कारण तपासलं आणि शून्य निघालं तर मला निघावं लागलं असतं. दोन नोव्हेंबरला तुला सगळे आकडे उतरवून पाठवले ते तू ओळखावंस म्हणून, आणि तू ओळखलंस तेव्हा मला तुझाच राग आला. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारी सकाळी बाबा अंघोळीला गेले असताना मी पाणी तपासलं. पिवळं, लिंबासारखं. पुन्हा तपासलं. पिवळं. त्या दिवशी वहीत त्यांनी लिहिलं: एक. तपासणीच्या औषधाची बाटली अजून निम्मी भरलेली होती. पावणेदोन महिन्यांत ती संपत यायला हवी होती.

मग मी एक मूर्खपणा केला. मला वाटलं, त्यांना हिरवा-पिवळा ओळखू येत नसेल. वय झालं की रंग फिके होतात, आमच्या दुकानात रोज येतात अशी माणसं. बाटलीचं काय, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. बाबा खोटं लिहितात यापेक्षा बाबांचे डोळे गेले हे मला बरं वाटलं, आत्या. वडिलांचे डोळे गेले असावेत अशी मी वाटेत प्रार्थना करत होते.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंकडून रंगीत ठिपक्यांचं तपासणीचं पुस्तक रीतसर चिठ्ठी लिहून घरी नेलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत लपलेला आकडा असतो, रंग ओळखता आले नाहीत तर तो दिसत नाही. बुधवारी जेवणानंतर मी बाबांना म्हटलं, दुकानात नवीन पुस्तक आलंय, सराव करायचाय. हेही खोटंच. पुस्तक जुनं आहे.

त्यांनी चष्मा पुसला, पान डोळ्यांपासून नीट हातभर लांब धरलं आणि वाचायला लागले. बारा. आठ. एकोणतीस. पाच. तीस वर्षं नकाशे रंगवलेला माणूस. एकही चुकला नाही, एकाही पानाशी थांबले नाहीत. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्याकडे सरकवलं आणि खुर्ची टाकीकडे वळवली.

"चुकीचं सांगता आलं असतं मला," ते म्हणाले. "तिसऱ्याच पानाला कळलं तू काय शोधतेस ते."

"मग का नाही सांगितलंत?"

"वहीत खोटं लिहिता येतं गं. तू समोर बसून विचारलंस तर नाही येत."

मग त्यांनी सगळं सांगितलं, जसं धडा म्हणून दाखवावा. अठरा ऑक्टोबरला नळीत पिवळा रंग आला. त्यांनी पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं वाट बघितली, हिरवा होईल म्हणून. मग एक लिहिला. त्यानंतर तपासलंच नाही. म्हणाले, "रोज वाटायचं, उद्या खरा लिहू."

मी रागवायला हवं होतं. माझ्याच्याने रागावलं गेलं नाही, कारण तो उद्या मीही ओळखते. आता गंमत अशी की पाणी तयार आहे हे दोघांनाही माहीत आहे, आणि मासे आणले की मी जाणार हेही. त्यामुळे कोणीच मासे आणत नाही. ते रिकाम्या टाकीला खाऊ घालतात, मी चहा पिते. कपाटाबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सतरा दिवस उरले आहेत. मला उठता येत नाही आहे, आत्या. पाय बांधलेले असते तर दोरी तरी दिसली असती.

तुझी
ठकू


मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. ठकू,

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. रीतीप्रमाणे जेवल्यावर मोठ्याने वाच. वाक्य गाळायचं नाही, कारण पुढचं तुझ्या बापासाठी आहे.

बाळ, हे तुला आहे.

मी घर सोडलं तेव्हा बावीस वर्षांची होते आणि तू तेरा. सकाळची गाडी होती. निघायच्या वेळी माझी एक चप्पल सापडेना. घरभर शोधलं. वडील दारात उभे. तू सगळ्यांत जास्त शोधत होतास, खाटेखाली वाकून वाकून. शेवटी मी आईच्या चपला घातल्या, दोन नंबर मोठ्या, आणि गाडी पकडली. चार महिन्यांनी आईने कळवलं की छतावरची पाण्याची टाकी धुताना माझी चप्पल सापडली, उंदराने नेली असावी. मी पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही की तो उंदीर मला ओळखू आला होता.

तू सहा महिने माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. मग एक नकाशा आला, आपल्या घराचा, शाईने काढलेला. सगळ्या दारांच्या कमानी बरोबर होत्या. माझी खाट मी गेल्यावर उचलली होती, पण नकाशात ती जागच्या जागी होती. तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. घर सोडलेल्या माणसाची खाट कागदावर राहते, बाळ. तेवढी पुरते. मला पुरली.

तू जिना उतरत नाहीस तो तुझा प्रश्न, त्यावर मी तीन वर्षं चकार शब्द काढला नाही. पण तेव्हा चप्पल, आता बॅग. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

ठकू, तुलाही एक. मी दोन नंबर मोठ्या चपला घालून गेले. चप्पल सापडेपर्यंत थांबले असते तर अजून शोधत असते.

दोघांची,
बहीण आणि आत्या


सोमवार, २४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पाकिटावरचं अक्षर बघून बाबा म्हणाले, बऱ्याच दिवसांनी घरी आलं. जेवण झाल्यावर मी वाचलं. 'बाळ, हे तुला आहे' इथे मी कागद खाली केला. ते म्हणाले, वाच.

मी शेवटपर्यंत वाचलं. ते ताटावर बोटाने रेघा ओढत होते. हात वाळून गेले तरी उठले नाहीत.

"उजवी होती," शेवटी म्हणाले. "तिने डावी की उजवी ते लिहिलं नाही."

एवढंच. मग ताटं घासायला घेतली. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा जा म्हणतील. दोन्ही झालं नाही.

शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा ते टाकीपुढे बसले होते आणि समोर तपासणीची काचेची नळी होती, पिवळी. वही माझ्याकडे केली. अठरा ऑक्टोबर ते बारा नोव्हेंबर, सव्वीस नोंदी. प्रत्येक 'एक'वर पट्टीने एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, कारण चूक खरवडायची नसते, दिसू द्यायची असते. पहिल्या नोंदीवर लिहिलं होतं शून्य. उरलेल्या पंचवीसांवर प्रत्येक ठिकाणी: मोजले नाही. प्रत्येकाखाली सही. सगळ्यांना मिळून एक रेघ ओढून चाललं असतं. मग मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. कपाटाच्या दाराला कमान काढली होती, ताज्या शाईने, आणि जिथे ती घडवंचीला भिडते तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: अडते.

मी दुपारी काकूंकडून आठ झेब्रा आणले. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडले. आधी कोपऱ्यात गोळा झाले, मग एकदम सगळे या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबा उभे राहून बघत होते. म्हणाले, "यांना चार फूट पण कमीच आहेत की."

काल सकाळी एक मासा मेलेला मिळाला.

आता जे लिहिते ते लिहायची मला लाज वाटते, पण गाळायचं नाही असं तू म्हटलंस. त्या मेलेल्या माशाला जाळीने काढताना मला आधी वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. मासे रुळले नाहीत, म्हणजे अजून निघायला नको. वाक्य तयारच होतं तोंडात. मी बाबांकडे बघितलं. त्यांना हे बोलायला यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती, आणि त्यांच्याही तोंडात काहीतरी होतं हे मला दिसलं. त्यांनी नळी घेतली, आठ थेंब टाकले, पाच मिनिटं घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"शून्य आहे," ते म्हणाले. "पाणी बरोबर आहे. तरी गेला. जातो एखादा."

वहीत लिहिलं: शून्य. मासे सात. मग मला वही दिली आणि म्हणाले, तपासून घे. मी तपासून घेतलं नाही.

त्यांनी जा म्हटलेलं नाही. म्हणणारही नाहीत. आज सकाळीही खिडकीत उभे होते. मी वाट बघत होते की त्यांनी दार उघडून द्यावं, म्हणजे ते माझ्याकडून न होता त्यांच्याकडून झालं असतं. पण दार उघडंच होतं, ते तेवढं खरं बोलले होते.

प्रयोगशाळेला आज दुपारी उत्तर टाकलं. मालकीणबाईंना सांगितलं. बॅग कपाटातच आहे. दोन कापडी पिशव्या भरल्या आहेत आणि त्या खाटेवर ठेवल्या आहेत, खाली नाही, म्हणजे आम्हा दोघांना दिसतील. चपला मी माझ्याच घालून येईन, दोन्ही आहेत ना ते आज पायात घालून बघितलं.

मासे रुळले की निघेन, असं मी दोन ऑक्टोबरच्या पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य तुझ्याकडे असेल. त्यावर एक रेघ ओढ, खालचं वाचता येईल अशी, आणि वर लिही: रविवार, तीस नोव्हेंबर, सकाळी सव्वासातची बस.

तुझी
ठकू